एका डोळ्याची कोकरं आणि पेशींचे निरोप

बाळाला जन्मतः व्यंग आहे असं कळलं की घरातला पहिला प्रश्न आईलाच विचारला जातो. "ग्रहणात काही चिरलं होतंस का?" "असं काय खाल्लं होतंस?" दवाखान्यात मान खाली घालून बसलेल्या अशा आया मी अनेकदा पाहते. म्हणून आज तुम्हाला एका शोधाची गोष्ट सांगते. तिची सुरुवात मेंढ्यांपासून होते.

१९५० च्या दशकात अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातले मेंढपाळ हैराण झाले होते. त्यांच्या कळपात कपाळाच्या मध्यभागी एकच डोळा असलेली कोकरं जन्माला येत आणि ती जगत नसत. वाणातच दोष असेल, अशी आधी शंका आली. सरकारी कृषी खात्याचे शास्त्रज्ञ तपासाला लागले. त्यांच्यापैकी लिन जेम्स हे उन्हाळ्यात मेंढ्यांबरोबर डोंगरात मुक्काम ठोकून राहिले आणि त्या काय खातात ते पाहत राहिले. शेवटी संशय एका रानटी वनस्पतीवर आला. तिचं नाव कॉर्न लिली. उंचावरच्या ओलसर कुरणांत ती वाढते.

मग गाभण मेंढ्यांना ती मुद्दाम खायला घातली गेली. मेंढीचा गर्भकाळ सुमारे पाच महिन्यांचा असतो. त्यातल्या साधारण चौदाव्या दिवशी मेंढीने ही वनस्पती खाल्ली, तर एका डोळ्याचं कोकरू जन्मे. तीच वनस्पती महिनाभराने खाल्ली तर डोळे नीट असत, पण दुसरे दोष दिसत. पुढे रिचर्ड कीलर यांनी त्यातलं विषारी द्रव्य वेगळं काढलं. ग्रीक पुराणातल्या एकाक्ष राक्षसावरून, म्हणजे सायक्लॉप्सवरून, त्याला 'सायक्लोपामाइन' हे नाव मिळालं.

हे द्रव्य गर्भात नेमकं करतं काय, हे मात्र पुढची जवळजवळ तीस वर्षं कोडंच राहिलं.

उत्तर आलं ते भलत्याच दिशेने. जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये क्रिस्तियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस फळमाश्यांच्या अळ्या तपासत होते. एका जनुकात बिघाड झालेली अळी आखूड आणि अंगभर काटेरी दिसायची. साळिंदराची आठवण करून देणाऱ्या 'हेजहॉग' या छोट्या प्राण्यावरून त्या जनुकाला 'हेजहॉग' म्हटलं गेलं. हे काम १९८० साली प्रसिद्ध झालं आणि १९९५ मध्ये त्या दोघांना एडवर्ड लुईस यांच्यासोबत नोबेल मिळालं. मधल्या काळात, १९९३ मध्ये, याच जनुकाचे भाऊबंद कोंबडी, मासा आणि उंदरातही सापडले. त्यातल्या एकाला व्हिडिओ गेममधल्या पात्रावरून 'सॉनिक हेजहॉग' हे नाव पडलं. माणसातही ते जनुक आहे.

हे जनुक करतं काय? देवघरात उदबत्ती लावली की जवळ वास तीव्र येतो आणि लांब गेल्यावर मंद होतो. डोळे मिटूनही आपण किती अंतरावर आहोत याचा अंदाज येतो. गर्भातल्या काही पेशी असंच एक प्रथिन बाहेर सोडतात. शेजारच्या पेशींना ते किती मिळतं, यावरून आपण कोण व्हायचं हे त्या ठरवतात. सुरुवातीला गर्भात दोन्ही डोळ्यांसाठी मिळून एकच पट्टा असतो. मध्यरेषेतून हा निरोप आला की पट्ट्याच्या मधल्या पेशी डोळा होण्याचं सोडून देतात आणि दोन्ही बाजूंना एकेक डोळा घडतो. निरोप आला नाही, तर पट्टा दुभंगतच नाही.

१९९६ मध्ये हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या गर्भात हाच दोष दिसला. मेंदूचे दोन भाग नीट वेगळे न होण्याचा जो आजार माणसात आढळतो, त्याच्या काही कुटुंबांतही त्याच वर्षी या जनुकातले बदल सापडले. १९९८ मध्ये सिद्ध झालं की सायक्लोपामाइन नेमका हाच निरोप अडवतं. आयडाहोतलं कोडं सुटलं.

गोष्ट इथे संपली नाही. मोठेपणी हा निरोप नको तिथे चालू राहिला तर त्वचेचा एक कर्करोग होतो. तो निरोप अडवणारं व्हिस्मोडेगिब हे औषध २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. गरोदरपणात ते का चालत नाही, हे आता तुमच्या लक्षात आलंच असेल.

यातून आपण काय घ्यायचं? माणसात हे निरोप तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच सुरू होतात. तेव्हा पाळी चुकल्याचंही अनेकींच्या लक्षात आलेलं नसतं. म्हणून मूल हवं असं ठरवलंत की आधीच डॉक्टरांना भेटा. फॉलिक ॲसिड सुरू करा, मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणा, आणि कोणतंही औषध किंवा जडीबुटी विचारल्याशिवाय घेऊ नका. 'वनस्पतीच आहे, काय होणार?' असं वाटलं तर त्या मेंढ्या आठवा.

आणि घरातल्या मोठ्यांना एक विनंती. ग्रहणाची सावली पेशींच्या या निरोपांपर्यंत पोहोचत नाही. पुष्कळदा व्यंगाचं नेमकं कारण आम्हा डॉक्टरांनाही सापडत नाही. अशा वेळी त्या आईला प्रश्न विचारण्याऐवजी तिच्याजवळ बसा.