शिक्षकाचा अभ्यासक्रम आणि विद्यापीठ

वैद्यकाची अथवा कायद्याची पदवी विद्यापीठाने द्यावी ह्यात कोणास नवल वाटत नाही. शिकविण्याच्या धंद्याची पदवी मात्र विद्यापीठांनी फार उशिरा, आणि काहीशा संकोचानेच, देऊ केली. ज्या संस्थेचा सारा व्यवहार शिकविण्याचा, तिलाच शिकविणे हा शिकण्याजोगा विषय आहे हे पटावयास इतका काळ लागावा, ह्याचे कारण शोधू गेल्यास इतिहास मोठा मनोरंजक निघतो.

त्याचा एक धागा मद्रासेस लागतो. अँड्र्यू बेल नावाचे स्कॉच धर्मोपदेशक अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील लष्करी अनाथालयाचे प्रमुख होते. गावठी शाळेतील मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरविताना त्यांनी पाहिली व ती रीत आपल्या शाळेत आणली. मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवावे, म्हणजे थोडक्या शिक्षकांत काम भागते, ही त्यांची पद्धती पुढे विलायतेत गाजली. १८३२ साली ते वारले. त्यांनी मागे ठेवलेल्या पैशातून १८७६ साली एडिंबरो व सेंट अँड्र्यूज ह्या विद्यापीठांत शिक्षणशास्त्राची अध्यासने निघाली. ज्या गृहस्थांनी शिक्षकावाचून शाळा चालविण्याची युक्ती काढली, त्यांच्याच द्रव्यावर शिक्षक घडविण्याचे शास्त्र विद्यापीठात शिरले! एडिंबरोस लॉरी आणि सेंट अँड्र्यूज येथे मायकलजॉन हे प्राध्यापक नेमले गेले. पण त्यांची व्याख्याने ऐकल्यावाचून कोणाचे शिक्षकपण अडत नव्हते. अध्यासन होते, पदवी नव्हती.

अभ्यासक्रमाची खरी घडण केंब्रिजला झाली. शाळाप्रमुखांच्या विनंतीवरून त्या विद्यापीठाने १८७९ साली शिक्षकांच्या शिक्षणासाठी एक मंडळ नेमले. ह्या मंडळाने व्याख्याने व परीक्षा अशी दुहेरी योजना आखली आणि विषयाचे तीन भाग केले. शिक्षणाचा इतिहास क्विक यांनी सांगितला, मनोव्यापारांचे शास्त्र वॉर्ड यांनी, आणि प्रत्यक्ष अध्यापनाची रीत फिच यांनी. फिच हे शाळांचे निरीक्षक; वर्ग, फळा, प्रश्न विचारण्याची कला, हजेरीची व्यवस्था ह्या गोष्टी विद्यापीठाच्या व्यासपीठावरून बोलल्या गेल्या, हे त्या काळी धाडसच होते. त्यांची १८८० मधील ती व्याख्याने पुढे पुस्तकरूपाने निघाली.

आणि श्रोतृवर्ग? मोठ्या शाळांतील पुरुष शिक्षक फारसे फिरकले नाहीत. प्राचीन भाषा उत्तम येणाऱ्यास शिकविणे आपोआप येते, अशी त्यांची समजूत होती. लाभ घेतला तो मुख्यतः स्त्रियांनी. १८८५ साली मिस ह्यूज यांच्या देखरेखीखाली १४ विद्यार्थिनींचे एक ट्रेनिंग कॉलेज केंब्रिजमध्ये सुरू झाले. विद्यापीठाची पूर्ण पदवी ज्यांना तेथे मिळत नव्हती, त्यांनीच त्याचा हा अभ्यासक्रम जिवंत ठेवला, असे मला वाटते.

आपल्याकडे मद्रास विद्यापीठाने १८८६ साली एल. टी. ही परीक्षा काढली. परंतु माझ्या दृष्टीने ह्या साऱ्या हकीकतीतील सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे कर्झनसाहेबांच्या अमदानीत मार्च १९०४ मध्ये प्रसिद्ध झालेला हिंदुस्थान सरकारचा शैक्षणिक ठराव. पदवीधर शिक्षकास एक वर्षाचे शिक्षण द्यावे, त्याची अखेर विद्यापीठाच्या पदवीत अथवा पदविकेत व्हावी, तत्त्व आणि प्रत्यक्ष ह्यांची सांगड असावी, प्रत्येक कॉलेजास सरावाची शाळा जोडलेली असावी, इतके त्यात आहेच. पुढची गोष्ट अधिक मार्मिक आहे. कॉलेजातून बाहेर पडलेला शिक्षक शाळेत गेल्यावर शिकलेली पद्धती सोडून अशिक्षित सहकाऱ्यांच्या यांत्रिक वळणावर ओढला जाऊ नये, ह्यासाठी कॉलेजाने त्याच्याशी संबंध राखावा, जुन्या विद्यार्थ्यांना अधूनमधून पुन्हा एकत्र बोलवावे आणि निरीक्षकांनी ह्या कामी हात द्यावा, असे ठरावाने सांगितले.

ठरावाचा पहिला भाग अमलात आला. मुंबईस १९०६ साली सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघाले. १९२२ साली मुंबई विद्यापीठाची बी. टी. पदवी सुरू झाली आणि १९३६ साली एम. एड. चाही मार्ग खुला झाला. दुसरा भाग कागदावर राहिला. कारण उघड आहे. विद्यापीठास प्रश्नपत्रिका काढता येते, गुण देता येतात. शिक्षणाचा इतिहास, मानसशास्त्र हे विषय त्या मापात बसतात. नव्या शिक्षकास साठ मुलांच्या वर्गावर तिसऱ्या महिन्यात कोणती अडचण येते, हे त्या मापात बसत नाही. परीक्षेसाठी लिहिलेली पाठाची टाचणे परीक्षकास दाखवून झाली की पेटीत जातात, आणि शिक्षक हेडमास्तरांच्या वेळापत्रकास लागतो.

इंग्लंडातही हाच पेच होता. १९४४ साली मॅकनेअर समितीपुढे प्रश्न आला की, शिक्षकांचे शिक्षण विद्यापीठाच्या स्वाधीन करावे की विद्यापीठ व ट्रेनिंग कॉलेजे ह्यांचे संयुक्त मंडळ असावे. समितीचे सभासद ह्या मुद्द्यावर समसमान दोन गटांत विभागले! अखेर युद्धानंतर विभागवार संस्था स्थापन झाल्या. विद्यापीठ, कॉलेजे, स्थानिक शिक्षणाधिकारी आणि शिक्षकांचे प्रतिनिधी एका मेजाभोवती बसून अभ्यासक्रम ठरवू लागले, नोकरीत असलेल्या शिक्षकांसाठीही वर्ग भरू लागले. १९७५ साली ही व्यवस्था मोडण्यात आली, ह्याचे मला वाईट वाटते.

आपल्याकडे १९०४ ची ती सूचना प्रत्यक्षात यावयास १९५५ साल उजाडावे लागले. त्या साली निवडक अध्यापन-महाविद्यालयांत विस्तार-सेवा विभाग निघाले आणि जवळपासच्या माध्यमिक शाळांतील शिक्षकांस पुन्हा महाविद्यालयाचा उंबरठा ओलांडता आला. त्यापूर्वी पन्नास वर्षे जे बी. टी. होऊन गेले, त्यांतील बहुतेकांस विद्यापीठाचा पुढील निरोप म्हणजे पदवीदानाचे निमंत्रण, एवढाच होता.

२०१५ पासून बी. एड. चा अभ्यास दोन वर्षांचा झाला आहे व त्यातील बराच काळ शाळेत काढावा लागतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास आपल्या व्यवसायाच्या अभ्यासास द्यावेत, अशी अपेक्षा आहे. सहा तासांची शाळा धरली तर हे सुमारे आठ दिवस होतात. त्या आठ दिवसांचा अभ्यासक्रम आखणाऱ्या मेजाभोवती वर्गात उभा राहणारा शिक्षक किती खुर्च्यांवर बसतो, हे आपल्या घरातील मुलांच्या शाळेत जाऊन विचारण्यासारखे आहे.