इनइताफ : बसऱ्यापासून समुद्राखालच्या तारेपर्यंत

प्रकाशाच्या विज्ञानाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन प्रकारची माणसं भेटतात. एकाच्या मते कॅमेऱ्यापासून इंटरनेटपर्यंत सगळं मुसलमानांनीच शोधलं आणि युरोपनं ते आपल्या नावावर केलं. दुसरा विचारतो, मुसलमानांचा आणि विज्ञानाचा संबंधच काय? इतिहास या दोघांनाही अडचणीत आणतो, म्हणून तो नीट सांगायला हवा.

उर्दू माध्यमाची मुलं विज्ञानात दोन शब्द शिकतात : इनइकास आणि इनइताफ. मराठीत परावर्तन आणि अपवर्तन. हे दोन्ही शब्द अरबी आहेत आणि इब्नुल हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी याच अर्थानं वापरले होते. त्यांचा जन्म 965 च्या सुमारास बसऱ्यात झाला, पुढचं आयुष्य कैरोत गेलं. डोळ्यातून किरण निघतात म्हणून वस्तू दिसते, असं युक्लिड आणि टॉलेमी मानत. इब्नुल हैसम यांनी ‘किताबुल मनाजिर’मध्ये प्रयोगांच्या आधारे मांडलं की प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो. टॉलेमीच्या चुका दाखवणारा स्वतंत्र ग्रंथही त्यांनी लिहिला. मोठ्या नावापुढे मान तुकवायची नाही, पडताळून पाहायचं, ही त्यांची खरी शिकवण.

त्यांच्याही आधी, 984 च्या सुमारास, बगदादशी संबंधित गणितज्ञ इब्न सहल यांनी भिंगांवर एक ग्रंथ लिहिला. त्यातल्या आकृतीत ते एक ठरावीक गुणोत्तर वापरतात : काचेत शिरताना किरण किती वळेल हे सांगणारं. आज शाळेत आपण हाच नियम स्नेलच्या नावानं शिकवतो. डच गणितज्ञ स्नेल 1621 मध्ये त्याच्यापर्यंत पोहोचले. विखुरलेली हस्तलिखितं जुळवून इब्न सहल यांचं काम रुश्दी राशिद यांनी 1990 मध्ये जगापुढे आणलं. मग स्नेलनी चोरी केली का? त्यांनी इब्न सहल यांचा ग्रंथ पाहिला होता याचा काहीही पुरावा नाही. उलट ‘किताबुल मनाजिर’चा लॅटिन अनुवाद झाला, 1572 मध्ये तो बाझलला छापला गेला आणि युरोपच्या अभ्यासकांनी तो लेखकाचं नाव घेऊन वाचला. एकाचं पुस्तक अनुवाद होऊन जगलं, दुसऱ्याचं कपाटात राहिलं. त्याचा दोष फक्त परक्यांवर कसा टाकायचा?

पुढची साखळी अनेक देशांतून जाते. काचेतून हवेकडे जाणारा किरण पुरेसा तिरका असेल तर तो बाहेर न पडता आतच परततो. या गुणावर काचतंतू, म्हणजे ऑप्टिकल फायबर चालतो. पंजाबातल्या मोग्यात जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनी हॉपकिन्स यांच्यासोबत 1954 मध्ये काचतंतूंच्या जुडीतून चित्र पाठवून दाखवलं. शांघायमध्ये जन्मलेल्या चार्ल्स काओ यांनी हॉकहॅम यांच्यासोबत 1966 मध्ये मांडलं की काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाशातून दूरवर संदेश जाईल. 1970 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीनं तशी काच बनवली. काओंना 2009 मध्ये नोबेल मिळालं.

मग वेगळी अडचण आली. एका तंतूतून 80 हून अधिक रंगांचे, म्हणजे तरंगलांबींचे प्रवाह एकाच वेळी जाऊ लागले. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे हे ‘रंग’. कुठला प्रवाह कुठल्या शहराकडे वळवायचा हे आधी उपकरण बसवतानाच ठरायचं. बदल करायचा तर तंत्रज्ञानं जागेवर जाऊन जोडणी बदलायची. 2000 नंतरच्या दशकात जुळणी बदलता येणारी उपकरणं रुळली. त्यांत प्रकाशाचे रंग वेगळे केले जातात. प्रत्येक रंग एका चिमुकल्या आरशावर किंवा द्रवस्फटिकाच्या पट्टीवर पडतो. दूरच्या नियंत्रण कक्षातून आज्ञा आली की आरसा किंचित कलतो आणि तो रंग दुसऱ्या तंतूत जातो. मधे प्रकाशाची वीज करावी लागत नाही.

सिलिकॉनच्या चिपवर तर याहून बारीक काम चालतं. प्रकाश दोन वाटांत विभागतात, एक वाट नखाहून कितीतरी लहान हीटरनं तापवतात आणि दोन्ही पुन्हा एकत्र आणतात. तापल्यामुळे अपवर्तनांक बदलतो, लहरी पुढे-मागे होतात आणि प्रकाश या दारातून की त्या दारातून बाहेर पडणार हे ठरतं. इब्न सहल यांनी जे गुणोत्तर काचेचा कायमचा गुण म्हणून वापरलं, तेच इथे हवं तेव्हा बदलता येतं. 2017 मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी अशा 56 जोड्यांची चिप वापरून बोलण्यातले स्वर ओळखून दाखवले. अचूकतेत ती नेहमीच्या संगणकाच्या मागे राहिली, पण प्रकाशातच गणित करता येतं हे दिसलं.

या बदलत्या वाटांचं मोल काय? जानेवारी 2008 मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन मोठ्या केबल तुटल्या. त्या मुंबईलाही जोडलेल्या होत्या. भारतासह अनेक देशांचं इंटरनेट मंदावलं आणि कंपन्यांना वाहतूक दुसऱ्या वाटांनी वळवावी लागली. एकच वाट असली की माणूस अडकतो. वाट बदलता आली की संदेश पोहोचतो.

ज्ञानाचंही असंच आहे. बसरा, बगदाद, बाझल, मोगा, शांघाय : कुठलंही एक नाव गाळलं तर गोष्ट अपुरी राहते आणि एकाच नावावर सगळं मांडलं तर ती खोटी ठरते. आपल्या मुलांना इब्नुल हैसम यांचं नाव जरूर सांगावं. पण त्यांनी इंटरनेट शोधलं असं सांगितलं तर पुराव्यावाचून काही न मानणाऱ्या त्या माणसाचाच अपमान होतो. त्यापेक्षा पाण्याच्या ग्लासात पेन्सिल ठेवावी, ती वाकडी का दिसते ते विचारावं आणि मुलांनाच उत्तर शोधू द्यावं. इनइताफ हा शब्द त्यांना वारशात मिळालेला आहे. त्यामागचं काम मात्र प्रत्येक पिढीला नव्यानं करावं लागतं.