मुठीतलं पातं

जावा बेटावरच्या खेड्यांची वर्णनं वाचताना एक शब्द मला पुन्हा पुन्हा भेटतो : शांत. सोबतचं चित्रही ठरलेलं असतं. पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली भातखाचरं, पाटाचं पाणी, बांबू-नारळ-केळीच्या परसात दडलेली कौलारू घरं आणि मागे निळसर ज्वालामुखी. चित्र खोटं नाही. पूर्व जावातल्या केडिरी भागात, केलुद ज्वालामुखीच्या आसपास, ते आजही दिसतं. या ज्वालामुखीच्या राखेनं इथली माती सुपीक केली आणि १९१९ साली त्याच्याच विवरातल्या तळ्यानं चिखलाचे लोट सोडून सुमारे ५,००० माणसं गिळली. खेड्याला तिकडे ‘देसा’ म्हणतात. मूळ संस्कृत ‘देश’. समुद्र ओलांडून तो गावाएवढा झाला.

मराठीत ‘शांत’ आणि ‘गप्प’ हे दोन वेगळे शब्द आहेत. जावाच्या खेड्याला यांतला कुठला लागू पडतो, हे तपासायचं तर राजेरजवाड्यांच्या इतिहासापेक्षा एका छोट्या अवजाराचा इतिहास मला जास्त उपयोगी वाटतो.

त्याचं नाव आनी-आनी. तळहातात मावेल एवढी लाकडाची चपटी पट्टी, तिच्या कडेला बसवलेलं बोटाएवढं पातं आणि धरायला बांबूची आडवी कांडी. पातं बोटांच्या मध्ये लपतं, बाहेरून दिसत नाही. भाताची देवी देवी स्री, म्हणजे आपली श्री. तिला पोलाद दिसून ती दचकू नये, म्हणून ही काळजी असं सांगतात. आनी-आनीनं एका वेळी एक-दोनच लोंब्या कापल्या जातात. देशी भाताच्या जाती उंच, एकाच शेतातल्या लोंब्याही मागेपुढे पिकणाऱ्या. त्यामुळे पिकलेली तेवढी निवडून घ्यायला हेच हत्यार सोयीचं होतं. लोंब्यांच्या जुड्या बांधून कणगीत ठेवायच्या आणि लागेल तसं उखळात कांडायचं.

कापणी बायकांची. शेत पिकलं की आजूबाजूच्या वस्त्यांमधून बायका येत, आणि मालकानं कुणाला परत पाठवायचं नाही अशी रीत होती. एका हेक्टरवर कधी कधी शेकडो जणी उतरत. कापलेल्या जुड्या मालकाच्या अंगणात नेल्या की तिथे वाटा मिळे, त्याला ‘बावोन’ म्हणत. दहातला एक, आठातला एक. गाव आणि नातं पाहून प्रमाण बदले. ज्या घराला गुंठाभरही जमीन नाही, त्याच्याही चुलीवर या वाट्यातून काही महिने भात शिजे.

एवढी गर्दी मुळात आली कुठून? रॅफल्सनं १८१५ मध्ये केलेल्या मोजणीत जावा आणि शेजारच्या मदुराची लोकसंख्या ४६ लाखांच्या आसपास भरली होती. १९६१ च्या जनगणनेत ती ६ कोटी ३० लाखांवर गेली. मधल्या काळात डचांनी १८३० पासून सक्तीच्या लागवडीची पद्धत लादली. गावानं जमिनीचा पाचवा हिस्सा ऊस, नीळ, कॉफी अशा सरकारी पिकांना द्यायचा, असा नियम होता. प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त घेतलं जाई. ऊस आणि भात यांना तीच खाचरं, तेच पाणी आणि तेच हात लागत. १८४९-५० मध्ये देमाक आणि ग्रोबोगान भागात दुष्काळानं माणसं मेली. तेव्हाही हॉलंडचा खजिना जावाच्या साखर-कॉफीनं भरतच होता.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्‌झ १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला केडिरीतल्या पारे या गावी राहिला. पुस्तकांत त्यानं गावाला ‘मोजोकुतो’ असं टोपणनाव दिलं. १९६३ च्या पुस्तकात त्यानं मांडलं की जावाची भातशेती वाढती माणसं पोटात घेत राहिली. अधिक निगुतीनं लावणी, अधिक निंदणी, अधिक वाटेकरी, आणि शेवटी सर्वांनी वाटून घेतलेलं दारिद्र्य. ही मांडणी गाजली, तशी टीकाही झाली. बेन व्हाइटसारख्या अभ्यासकांनी दाखवलं की गावात भूमिहीन आणि सधन हे भेद आधीपासून होते, वाटणी कधीच समान नव्हती. मला ही टीका पटते. बावोन हा प्रेमळ ग्रामजीवनाचा पुरावा नव्हे. ती गरिबांनी रेटून धरलेली आणि मालकांनी नाइलाजानं मानलेली तडजोड होती. पण ती होती, आणि तिला हक्काचं वजन होतं.

१९६० मध्ये इंडोनेशियानं कमाल जमीनधारणेचा आणि बटाईच्या वाट्याचा कायदा केला. अंमलबजावणी रखडली, तेव्हा कम्युनिस्ट पक्षाशी जोडलेल्या शेतकरी संघटनेनं १९६४ च्या सुमारास मध्य आणि पूर्व जावात स्वतःच जमिनींचे ताबे घ्यायला सुरुवात केली. जमीनदार, त्यांत अनेक धार्मिक पुढारी, चिडले. ३० सप्टेंबर १९६५ च्या रात्री जकार्तात सहा लष्करी जनरलांचं अपहरण झालं आणि त्यांना मारण्यात आलं. लष्करानं दोष कम्युनिस्टांवर ठेवला आणि देशभर कत्तल सुरू झाली. मृतांचे अंदाज ५ लाखांपासून १० लाखांपर्यंत जातात. केडिरी सर्वाधिक होरपळलेल्या भागांपैकी. तिथल्या ब्रांतास नदीतून प्रेतं वाहत गेली. मारणारे पुष्कळदा परके नव्हते, शेजारच्या वस्तीतले होते. वाचलेल्यांनी तोंड मिटलं. त्यांच्या मुलांनाही सरकारी नोकरीची दारं बंद झाली.

यानंतर लगेचच नवं भात आलं. आयआर-८ ही फिलिपाइन्समध्ये तयार झालेली बुटकी जात. तिच्या दोन पालकांपैकी एक, ‘पेटा’, इंडोनेशियातलीच उंच जात होती. नवं भात बुटकं, एकदम पिकणारं, दाणा पटकन गळणारं. त्याला आनी-आनी चालेना, विळा हवा. शेतकरी उभं पीक व्यापाऱ्याला विकू लागला. या पद्धतीला ‘तेबासान’ म्हणतात. व्यापारी आपली ठरलेली टोळी घेऊन येई. टोळी लहान, हातात विळे, त्यामुळे तिच्यात पुरुष अधिक, आणि मजुरी वजनावर, रोख. बाकीच्या बायका बांधावरून परत. विल्यम कॉलियर, गुणवन विरादी आणि सुंतोरो यांनी १९७३ मध्येच हा बदल नोंदवला. त्याच सुमारास गिरण्या आल्या. १९७१ मध्ये जावातला बराचसा तांदूळ हातसडीचा होता. दोन-तीन वर्षांत तो निम्म्याहून कमी झाला. कांडपाची मजुरीही अशी बायकांच्याच हातून गेली.

मालकाच्या बाजूनं हिशोब सरळ होता. खत आणि बियाण्याचं कर्ज फेडायचं, तर शेकडो जणींना वाटे देणं परवडत नव्हतं. ही मोकळीक त्याला आधीही हवीच असणार. ती घेता आली १९७० च्या दशकात. कारण हक्क मागणारी संघटना संपवली गेली होती आणि ‘माझा वाटा’ म्हणणाऱ्या माणसावर कम्युनिस्ट असल्याचा शिक्का बसू शकत होता. पुढे सुहार्तो सरकारनं राजकीय पक्षांना निवडणुकीपुरतंच गावात येऊ दिलं. एरवी गाव राजकारणापासून ‘मोकळं’.

दुसरी बाजूही मांडायला हवी. जगातला सर्वांत मोठा तांदूळ आयातदार म्हणून ओळखला जाणारा हा देश १९८४ मध्ये तांदळात स्वयंपूर्ण झाला. उपासमार घटली, अनेक भूमिहीन घरांनाही नंतर शहरांत, बांधकामांवर काम मिळालं. जुन्या बावोनकडे परत जावं, असं मी म्हणणार नाही. पाठीत वाकून दिवसभर लोंबी लोंबी कापणं हे काही सुख नव्हतं. पण ते काम सुटलं, तेव्हा त्याच्यासोबतचा हक्कही गेला, आणि त्याबद्दल त्या बायकांना कुणी विचारलं नाही.

आज पूर्व जावातल्या पुष्कळ गावांमधल्या बायका हाँगकाँग, तैवान, सौदी अरेबियात घरकाम करतात. त्यांच्या पैशांतून फरशीची नवी घरं उभी राहतात आणि मुलं आजीकडे वाढतात. काही ठिकाणी कापणीआधीच्या पूजेला पहिल्या लोंब्या अजूनही आनी-आनीनं कापतात, देवी दचकू नये म्हणून. मग शेतात विळे किंवा यंत्र उतरतं. दुपारी अशा गावात खरंच शांतता असते. तिच्यातली किती पाण्याची आणि झाडांची, आणि किती १९६५ पासून न बोललेल्या माणसांची, हे बाहेरून ऐकून कळत नाही.