गिटार : अकूस्टिक, विद्युत् व बेस
छेडून वाजविण्याच्या पाश्चात्त्य तंतुवाद्याचे तीन प्रमुख प्रकार. नवशिक्याने यांपैकी कोणता निवडावा, या प्रश्नाला ‘आधी अकूस्टिक, हात बसल्यावर विद्युत् आणि दोन्ही न जमल्यास बेस’ असे उत्तर पुष्कळदा दिले जाते. या वाद्यांच्या इतिहासात अशा उतरंडीला आधार सापडत नाही.

अकूस्टिक म्हणजे ध्वनिपेटीच्या गिटारमध्ये तारांचा नाद पोकळ लाकडी पेटीमुळे वाढतो. सहा एकेरी तारांची गिटार अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. स्पॅनिश कारागीर आंतोन्यो दे तोर्रेस (१८१७–९२) याने पेटी मोठी केली व तारेची कंप पावणारी लांबी सु. ६५ सेंमी. ठेवली; अभिजात गिटारचा घाट आजही तोच आहे. तिच्या तारा पूर्वी आतड्याच्या असत, दुसऱ्या महायुद्धानंतर त्या नायलॉनच्या झाल्या. सॅक्सनीतून १८३३ मध्ये न्यूयॉर्कला गेलेल्या सी. एफ. मार्टिन याच्या कारखान्यात पेटीच्या आत फुलीच्या आकाराच्या आधारपट्ट्या बसविण्याची पद्धत रुजली आणि पुढे पोलादी तारांचा ताण सोसणारी गिटार तयार झाली. अकूस्टिक या एकाच नावाखाली अशी दोन वाद्ये येतात : रुंद मानेचे, बोटांना मऊ असे नायलॉन तारांचे आणि अरुंद मानेचे, परंतु बोटांची कातडी सोलणारे पोलादी तारांचे. नवशिक्यास याची कल्पना क्वचितच दिली जाते.

विद्युत् गिटार आवाजाच्या गरजेतून जन्मली. नृत्यवृंदातील पितळी वाद्यांपुढे गिटार ऐकू येत नसे. १९३२ मध्ये रिकनबॅकरची, मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याची ॲल्युमिनियमची गिटार बाजारात आली. पोलादी तार चुंबकीय क्षेत्रात कंप पावली, की वेटोळ्यात विद्युत् प्रवाह निर्माण होतो व ध्वनिवर्धक तो मोठा करतो. अर्थात नायलॉनची तार येथे निरुपयोगी. चार्ली क्रिश्चन (१९१६–४२) याने १९३९ पासून बेनी गुडमनच्या वृंदात या वाद्यावर सुषिर वाद्यांप्रमाणे एकेरी स्वरावली वाजविल्या. १९५० मध्ये लिओ फेंडरने भरीव लाकडाची गिटार विक्रीस आणली. नाद पेटीवर अवलंबून नसल्याने तिच्या तारा बारीक व पडद्यांजवळ ठेवता येतात. म्हणजे बोटांना ती पोलादी तारांच्या अकूस्टिकपेक्षा सोपीच असते. मात्र नको असलेल्या तारा आवरण्याचे निराळे कसब लागते आणि ध्वनिवर्धकाचा खर्चही येतो.

बेस गिटार ही मुळात गिटारवादकांसाठी केलेली सोय नव्हेच. ती उभ्या, अवजड डबल बेसची जागा घेण्यासाठी आली. सिॲटलच्या पॉल टटमार्कने १९३० नंतरच्या दशकात केलेला प्रयत्न फारसा पसरला नाही. १९५१ मध्ये फेंडरची ‘प्रिसिजन बेस’ आली. पडद्यांमुळे स्वर नेमका लागतो, म्हणून हे नाव. तिच्या चार तारा गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा एक सप्तक खाली लावतात, लांबी सु. ८६ सेंमी. असल्याने डाव्या हाताची बोटे अधिक फाकावी लागतात. पॉल मॅकार्टनी १९६१ मध्ये वृंदातील गरजेपोटी गिटार सोडून बेसकडे वळला. डेट्रॉइटचा जेम्स जेमर्सन (१९३६–८३) मात्र डबल बेसकडून आला. ताल व स्वरसंवाद यांना जोडणे हे बेसचे काम असल्याने एकट्याने सराव करणाऱ्यास ती लवकर कंटाळवाणी वाटते, तर वृंद जमविणाऱ्यास तिच्यावाचून चालत नाही.

भारतात गिटार या नावाने आणखी एक वाद्य ओळखले जाते. मांडीवर आडवी ठेवून तारेवर धातूची कांडी फिरविण्याची हवाइयन पद्धत मींडेला अनुकूल असल्याने बंगालमध्ये ती रवींद्रसंगीतासाठी रूढ झाली आणि ब्रिजभूषण काबरा (१९३७–२०१८) यांनी तिच्यावर रागसंगीत वाजविले. या पद्धतीत तारा पडद्यांपासून उंच उचललेल्या असतात. त्यामुळे तशी गिटार विकत घेतल्यास तिच्यावर बोटांनी तारा दाबून वाजविता येत नाही.