क्लबचं नाव कोणाचं?

या भागाची तयार केलेली संहिता इथे देतोय, बोलताना सुटलेल्या दोन-चार गोष्टींसकट.

मी रोज कोड लिहितो. त्यात एखाद्या गोष्टीचं नाव बदलायचं तर एक कमांड पुरते. १९४९-५० मध्ये हंगेरीच्या कम्युनिस्ट सरकारला फुटबॉल क्लबांचंही असंच वाटलं असावं.

बुडापेस्टच्या कडेला किश्पेश्त नावाची वस्ती होती. तिथल्या छोट्या क्लबात पुश्काश आणि बोझिक लहानपणापासून खेळत होते. १९४९ च्या अखेरीस हा क्लब लष्कराकडे गेला आणि त्याचं नाव झालं होनवेद, म्हणजे देशरक्षक. ‘एमटीके’ गेला गुप्त पोलिसांकडे. त्याची तर नावंच मोजत बसावी लागतात: टेक्स्टाइलेश, मग बाश्त्या, मग व्होरोश लोबोगो, म्हणजे लाल बावटा!

सगळ्यात जास्त मार बसला फेरेन्त्सवारोशला. कामगारवस्तीतला, प्रचंड चाहते असलेला क्लब, पण सरकारच्या मर्जीतून उतरलेला. नाव गेलं, पुढे तो ‘किनिझी’ झाला. हिरवा-पांढरा रंग जाऊन लाल-पांढरा आला. कोचिश आणि बुदाईसारखे खेळाडू होनवेदला गेले. लष्कराचा क्लब म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

आता खरी अडचण सांगतो. हे सगळं घडवण्यात गुस्ताव सेबेश यांचा हात होता. ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक आणि क्रीडा खात्यातले उपमंत्रीही. त्यांचा हिशेब सरळ होता: खेळाडू मोजक्या क्लबांत आणले की ते वर्षभर एकत्र खेळतील. २५ नोव्हेंबर १९५३ ला वेम्बलीवर हंगेरीनं इंग्लंडला ६-३ हरवलं, तेव्हा अकरापैकी दहा जण होनवेद आणि लाल बावटा या दोनच क्लबांचे होते. ज्या संघाच्या जुन्या फिती आपण अजून तोंडात बोट घालून बघतो, तो या ओढाताणीतून उभा राहिला. मला हे पचायला जड जातं.

१९५६ च्या उठावात फेरेन्त्सवारोशला आपलं नाव आणि हिरवा रंग परत मिळाला. ‘एमटीके’लाही नाव मिळालं. उठाव चिरडला गेला, पण ही नावं टिकली. होनवेद तेव्हा परदेशात होता. पुश्काश, कोचिश, चिबोर परतलेच नाहीत.

आणि किश्पेश्त? कम्युनिस्ट राजवट गेल्यावर १९९१ मध्ये क्लबनं जुनं नाव परत घेतलं, पण लादलेलं नाव टाकलं नाही. नवं नाव झालं ‘किश्पेश्त होनवेद’. पहिलं नाव आजोबांच्या वस्तीचं, दुसरं पुश्काशच्या सोनेरी दिवसांचं. त्या दिवसांत पाच वेळा लीग जिंकली होती, ती कशी पुसणार?

कोडमध्ये जुनं नाव एका कमांडमध्ये पुसता येतं. स्टेडियममध्ये मात्र लोक ते ओरडत राहतात, आणि कधीकधी लादलेलं नावही आपलंसं करून टाकतात.

तुम्ही किश्पेश्तचे चाहते असता, तर कोणतं नाव ठेवलं असतं? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!