अधिवेशनास पुन्हा का जावे? प्राच्यविद्या परिषदेचा दाखला

अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे पहिले अधिवेशन 1919 च्या नोव्हेंबरात पुणे येथे रा. गो. भांडारकरांच्या अध्यक्षतेखाली भरले. भांडारकर स्वतः 1886 साली व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय परिषदेस गेले होते. अशा सभेसाठी समुद्र ओलांडावा लागे, ती आता घरी आली. तेव्हा पहिल्या खेपेस विद्वान का जमले हे उमगण्यासारखे आहे. परंतु पुढे कलकत्ता (1922), मद्रास (1924), अलाहाबाद (1926), लाहोर (1928) असा लांबचा प्रवास करून सभासद पुन्हा पुन्हा का येत राहिले?

निबंधश्रवण हे त्याचे उत्तर नव्हे. निबंध पुढे इतिवृत्तात छापले जात. ते घरी बसून, आणि अधिक स्वस्थपणे, वाचता येत. कारण शोधावयाचे ते साधनांच्या विखुरलेपणात. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम 1919 सालीच आरंभिले गेले व 1925 पासून वि. सी. सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक झाले. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम इतक्या लिप्यांतील पोथ्या ताडून पाहावयाच्या होत्या. त्यासाठी शांतिनिकेतन व तंजावर येथेही पाठ जुळविण्याची व्यवस्था करावी लागली. या सर्व लिप्या एकट्याने कोण वाचणार? शिवाय अमूल्य पोथी दूरच्या माणसाच्या हाती सोपवावयाची तर नुसत्या पत्राने भागत नाही. चेहरा ओळखीचा असावा लागतो.

आमच्या शास्त्राचीही कथा हीच. लाहोरच्या त्या अधिवेशनात जमलेल्या भाषाभ्यासकांनी 1928 साली लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ इंडिया स्थापिली, ए. सी. वुल्नर तिचे पहिले अध्यक्ष. आपापल्या महाविद्यालयांत एकाकी असलेल्या या मंडळींना समानधर्मी भेटले ते परक्याच मांडवात! पुढे डेक्कन कॉलेजात 1950 नंतरच्या दशकात भाषाविज्ञानाचे उन्हाळी वर्ग भरले. तेथे आठवडेच्या आठवडे एकत्र काढल्यामुळे जो स्नेह जडला, त्यानेच नंतरच्या अधिवेशनांना माणसे पुरविली, असे मला वाटते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमावलीने निबंधवाचनास गुण दिले. गुणांनी माणूस सभागृहापर्यंत येतो खरा. पण गुण वाचनाला असतात, थांबण्याला नव्हे. प्रमाणपत्र घेऊन दुपारच्या गाडीने परतणाऱ्या निबंधवाचकास हवी ती लिपी जाणणारा गृहस्थ भेटावयाचा तो सायंकाळच्या चहाला, आणि तोवर हा स्थानकावर पोहोचलेला असतो.