गिलानुपट्ठान : सोपारा, त्रिरश्मी आणि मधला जव्हार-मोखाडा

सम्राट अशोकाच्या चौदा शिलालेखांपैकी आठव्या लेखाचा खंड पंडित भगवानलाल इंद्रजी यांना इ. स. १८८२ मध्ये सोपारा येथे मिळाला. नवव्या लेखाचा खंड त्याच परिसरातील भुईगाव येथे १९५६ मध्ये उजेडात आला. त्याच वर्षी नागपूरच्या दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह बुद्धधम्माचा स्वीकार केला होता. सोपारा आज पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्यात मोडते. याच जिल्ह्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या उतारावर, जव्हार व मोखाडा हे दोन तालुके आहेत. आणि त्यांच्या पलीकडे घाट चढून गेले की नाशिकची त्रिरश्मी लेणी येतात.

नववा शिलालेख गिरनार, कालसी इत्यादी ठिकाणच्या प्रतींवरून पूर्ण वाचता येतो. लोक आजारपणात, मुलामुलींच्या विवाहात, अपत्यजन्माच्या वेळी आणि प्रवासाला निघताना नाना प्रकारची मंगलकृत्ये करतात, असे सांगून तो सुरू होतो. या यादीत आजारपण पहिले आहे. गिरनारच्या प्रतीत त्यासाठी ‘आबाध’ हा शब्द आला आहे. विनयपिटकातही रुग्ण भिक्खूच्या व्याधीसाठी हाच शब्द वापरला जातो. मराठीतील ‘बाधा’ त्याच धातूपासून आली; परंतु ‘विषबाधा’ म्हणताना आपण कारण शोधतो आणि ‘भूतबाधा’ म्हणताना मांत्रिक शोधतो. आजारी माणसासाठी नेमके काय करावे आणि ते कोणी करावे, हा प्रश्न अशोकाच्या काळी होता तसाच आजही आहे. त्याचे पाली साहित्यातील उत्तर तपासणे व ते जव्हार-मोखाड्याच्या संदर्भात ताडून पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

महावग्गातील प्रसंग

महावग्गाच्या चीवरक्खन्धकातील प्रसंग आपल्या वाचकांना परिचित आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या आठव्या खंडात, तथागतांच्या मानवतेचे वर्णन करताना, तो समाविष्ट केला आहे. पोटाच्या विकाराने पीडित झालेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडलेला होता. भगवान बुद्ध आनंदांसह निवासस्थानांची पाहणी करीत तेथे आले. त्यांनी प्रथम त्याला आजार कोणता, असे विचारले; नंतर शुश्रूषा करणारा कोणी आहे काय, असे विचारले; आणि नाही म्हटल्यावर, का नाही, असे विचारले. मग आनंदांकडून पाणी आणवले. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याचे अंग धुतले. भगवंतांनी डोक्याकडून व आनंदांनी पायांकडून धरून त्याला मंचकावर निजविले. त्यानंतर भिक्खुसंघाला एकत्र बोलावून त्यांनी त्याच गोष्टीची चौकशी केली.

या प्रसंगातील करुणेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील क्रमाविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही. आधी विचारपूस, मग स्वच्छता, मग दोघांनी मिळून सुरक्षितपणे उचलणे, आणि शेवटी जबाबदारी कोणाची याचा निर्णय, असा तो क्रम आहे. आजच्या परिचर्या महाविद्यालयांतही रुग्णाची पाहणी, तातडीची शुश्रूषा, सुरक्षित हालचाल आणि नोंद ही अंगे शिकवली जातात. दुर्बल रुग्णाला एकट्याने ओढून उचलू नये, हा धडा पहिल्याच वर्षी दिला जातो.

‘अकारक’ हा शब्द

रुग्णाची शुश्रूषा का केली नाही, या प्रश्नाला भिक्खूंनी दिलेले उत्तर विचार करण्यासारखे आहे. हा भिक्खू इतर भिक्खूंसाठी काही करीत नाही, तो ‘अकारक’ आहे, म्हणून त्याची सेवा कोणी करीत नाही, असे ते म्हणाले. ज्याचा आपल्याला उपयोग नाही त्याचे दुखणे आपले नव्हे, हा हिशेब त्यामागे आहे. त्या उत्तरात क्रौर्य दिसत नाही, आणि म्हणूनच ते अधिक धोकादायक आहे. कारण असे उत्तर कोणताही सभ्य समाज सहज देऊ शकतो.

भगवंतांनी हा हिशेब समूळ नाकारला. येथे तुमची शुश्रूषा करायला आई नाही, वडील नाहीत. तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे आहे. आपली सेवा करू इच्छिणाऱ्याने रुग्णाची सेवा करावी, हे वचनही याच ठिकाणी येते. मात्र तेवढ्यावर न थांबता त्यांनी नियम घालून दिला. उपाध्याय असेल तर त्याने, आचार्य असेल तर त्याने, शिष्य असेल तर त्याने, सहाध्यायी असेल तर त्याने शुश्रूषा करावी. आणि यांपैकी कोणीच नसेल तर ती संघाने करावी. न करणाऱ्यास ‘दुक्कट’ हा दोष लागतो. सेवा कोणाच्या तरी सद्‌भावनेवर सोडून न देता ती नेमून देणे आणि न केल्यास दोष मानणे, हे या नियमाचे ऐतिहासिक महत्त्व आहे.

शुश्रूषकाचे पाच गुण

त्याच प्रकरणात, तसेच अंगुत्तरनिकायाच्या पञ्चकनिपातात, योग्य ‘गिलानुपट्ठाका’चे पाच गुण सांगितले आहेत. आजच्या परिचर्येची मूलतत्त्वे त्यांच्याशेजारी ठेवून पाहू.

पहिला गुण औषध सिद्ध करता येणे. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ, या पाच गोष्टींची खात्री करूनच औषध द्यावे, असे आजची परिचारिका शिकते. अतिसाराच्या रुग्णाला जलसंजीवनी देताना एक लिटरच्या पुडीत अर्धाच लिटर पाणी घातले, तर औषधच अपाय करते. तयार केलेले द्रावण चोवीस तासांनंतर टाकून द्यावे लागते.

दुसरा गुण ‘सप्पाय’ व ‘असप्पाय’ म्हणजे पथ्य व अपथ्य ओळखणे, पथ्य जवळ आणणे व अपथ्य दूर सारणे. नवजात बाळाला लगेच न्हाऊ न घालणे, आईच्या अंगाशी उबेत ठेवणे आणि पहिले चिकाचे दूध पाजणे हे सप्पाय होय. तीव्र कुपोषित बालकाला एकदम पोटभर न खाऊ घालता थोडे थोडे व वरचेवर भरवणे, हेही सप्पायच.

तिसरा गुण मैत्रचित्ताने, लाभाच्या आशेवाचून सेवा करणे. चौथा गुण मल, मूत्र, थुंकी वा वांती काढताना किळस न वाटणे. येथे आपल्या समाजाचा इतिहास आडवा येतो. जातिव्यवस्थेने शरीराची घाण एका वर्गाच्या माथी मारली आणि तिला हात न लावणे हे प्रतिष्ठेचे लक्षण ठरवले. जेथे ही वृत्ती टिकून असते, तेथे रुग्णाचे अंग पुसणे हे ‘खालच्या’ माणसाचे काम ठरते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवले नाही व त्याची त्वचा कोरडी ठेवली नाही, तर जखमा होतात. तथागतांनी स्वतः पाणी ओतले, याचा अर्थ या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले आणि त्याच साथीत १० मार्च रोजी प्राण ठेवला. त्यांची कृती याच गुणाची साक्ष आहे. किळस नसणे म्हणजे बेफिकिरी मात्र नव्हे. रुग्णाला हात लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर साबणाने हात धुणे, हा सुरक्षित शुश्रूषेचा पहिला नियम आहे.

पाचवा गुण वेळोवेळी धम्मकथेने रुग्णाला धीर देणे. जव्हार-मोखाड्यात याचा व्यावहारिक अर्थ वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर व महादेव कोळी रुग्णांशी त्यांना समजेल अशा बोलीत बोलणे असा होतो.

पाली ग्रंथांत रुग्णाचेही गुण सांगितले आहेत. दुखणे वाढले असेल तर वाढले, उतरले असेल तर उतरले, असे त्याने खरे सांगावे, हा त्यांपैकी एक. परंतु ज्याला दारातच दरडावले जाते, तो खरे सांगत नाही. म्हणून ताप, नाडी, श्वास व रक्तदाब यांची वेळच्या वेळी नोंद ठेवणे शुश्रूषकाचे कर्तव्य ठरते.

विहारातून समाजाकडे

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. विनयाचे हे नियम भिक्खूंनी भिक्खूंसाठी पाळावयाचे होते. वैद्यकी करून उपजीविका करणे तर दीघनिकायाच्या ब्रह्मजालसुत्तात भिक्खूला अयोग्य मानले आहे. मग हे नियम सार्वजनिक आरोग्याला कसे लावता येतील?

याचे उत्तर कोरीव लेखांत आहे. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात मनुष्य व पशू अशा दोहोंच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचे आणि जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या आणवून लावल्याचे नमूद आहे. जे संघापुरते होते ते येथे राज्याचे कर्तव्य झाले. पुढे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळी, विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने त्रिरश्मी पर्वतावरील विहारात राहणाऱ्या भिक्खुसंघातील रुग्णांच्या औषधासाठी नाशिक परिसरातील तेली इत्यादी कारागिरांच्या श्रेणींकडे कायम ठेव ठेवली. औषधाचा खर्च दर वर्षी कोणाच्या दयेवर अवलंबून राहू नये, म्हणून एका स्त्रीने मुद्दल गुंतवून व्याजाची सोय केली. सोपाऱ्यापासून त्रिरश्मीपर्यंतच्या या पट्ट्यात रुग्णसेवेचा विचार राजा, उपासिका आणि कारागीर या तिघांनीही केला होता, असे हे लेख सांगतात.

मधले डोंगर

या दोन टोकांच्या मधल्या प्रदेशात जव्हारचे संस्थान होते. ते १९४८ मध्ये विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात गेले आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आले. जव्हारला पतंगशहा कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे. तरीही १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. २०१६ मध्ये मोखाड्यातील बालमृत्यूंनी तोच प्रश्न पुन्हा उभा केला. ऑगस्ट २०२२ मध्ये रस्ता नसलेल्या एका पाड्यावर जन्मलेली जुळी बालके दगावली आणि प्रसूत मातेला झोळीतून रस्त्यापर्यंत न्यावे लागले.

अंगुत्तरनिकायात तीन प्रकारचे रुग्ण सांगितले आहेत. पहिला औषध, पथ्य व शुश्रूषा मिळो न मिळो, बरा होत नाही. दुसरा ती मिळोत न मिळोत, बरा होतो. तिसरा मात्र ती मिळाली तरच बरा होतो. या तिसऱ्यासाठी औषध, पथ्य व शुश्रूषा यांची व्यवस्था सांगितली आहे. आणि त्याच्यामुळेच उरलेल्या दोघांचीही सेवा करावयाची आहे. कुपोषणाने क्षीण झालेले आणि न्यूमोनियाने धापा टाकणारे मूल हे या तिसऱ्या रुग्णाचे उदाहरण होय. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकाची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ पासून देशभरातील आशा कार्यकर्त्यांना अशा गृहभेटी नेमून देण्यात आल्या. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी, आणि घरी प्रसूती झाल्यास पहिल्या दिवसाची आणखी एक.

भगताकडे जाणाऱ्या माणसाला अंधश्रद्ध म्हणून हिणवणे सोपे आहे. नवव्या शिलालेखातील अशोकाची भूमिका अधिक समजूतदार आहे. मंगलकृत्ये करावीत, पण त्यांचे फळ अल्प आहे. दास व सेवकांशी योग्य वर्तन हे महाफल देणारे धम्ममंगल आहे, असे तो म्हणतो. भगत जवळ असतो, रात्री येतो, आपली भाषा बोलतो. परिचारिकाही तितकीच जवळ असेल, तरच रुग्ण तिच्याकडे वळेल.

सेवकाचा वाटा

महावग्गातील एक तरतूद क्वचितच उद्‌धृत होते. मृत भिक्खूचे पात्र व चीवर त्याची शुश्रूषा करणाऱ्यास द्यावे, असे तेथे सांगितले आहे. शुश्रूषा करणारा सामणेर, म्हणजे दर्जाने कनिष्ठ, असला तरी त्याला समान वाटा द्यावा, अशीही आज्ञा आहे. सेवा लाभाच्या आशेने करू नये, हे सेवकाला सांगितले. त्याचा वाटा बुडवू नये, हे संघाला सांगितले. या दोन गोष्टींची गल्लत करून आपण सेविकेला त्यागाचे पाठ देतो आणि मोबदला टाळतो. महाराष्ट्रातील आशा कार्यकर्त्यांना २०२१ व २०२३ मध्ये संप करावा लागला, तो याच कारणाने.

दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातील असंख्य कुटुंबे वसई, भिवंडी व ठाणे परिसरातील वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. हात चालतात तोवर मजूर उपयोगी. आजारी पडला की तो ‘अकारक’. तेथे त्याचे गाव नसते, ओळखीची सुईण नसते, बाळंतिणीची आई नसते. भगवंतांनी संघाला सांगितलेली परिस्थिती अक्षरशः हीच होती. ज्या शहरांत ही कुटुंबे येतात, त्या शहरांत आपले विहारही आहेत. प्रत्येक विहाराने चार-पाच उपासक-उपासिकांना गृहशुश्रूषेचे प्राथमिक शिक्षण द्यावे. जवळच्या भट्टीवर आलेल्या गर्भवतींची व लहान मुलांची नावे त्यांनी आरोग्य केंद्राला कळवावीत, आणि कोणत्या कुटुंबाकडे कोणी लक्ष द्यावयाचे हे वर्षावासाच्या अखेरीसच लिहून ठरवावे. वर्षावास संपतो तेव्हा भट्ट्या पेटायला थोडेच दिवस उरलेले असतात.